हेझलकोमची दौत

१

दौत सापडली ती प्रतापच्या खोक्यात. प्रताप जाऊन हिवाळा संपला होता, उन्हाळाही उलटला होता.

अरुणा बेसमेंटमध्ये जमिनीवर फतकल मारून बसली होती. घर विकलं होतं. छोट्या फ्लॅटची, काँडोची, किल्ली हातात आली होती, आणि काँडोत मेलेल्या माणसाच्या वाट्याला फार तर एक कपाट येतं. म्हणून ती नवऱ्याच्या वस्तू वेगळ्या करत होती: हे ठेवायचं, हे द्यायचं, हे टाकायचं. मातीच्या नमुन्यांच्या बाटल्यांचं खोकं तिने टाकायच्या ढिगाकडे सरकवलं. कॅनडात ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीत आयुष्यभर माती तपासणाऱ्या माणसाची ती शेवटची माती. खोक्यात बाटल्यांच्या मधे एक लोकरी मोजा खुपसलेला होता. तो जड लागला.

तिने मोजा उलटा केला आणि पितळी दौत मांडीवर पडली. झाकणावर आयव्हीच्या वेलीची नक्षी, एका बाजूला पोचा.

ही दौत तिने एकदाच पाहिली होती, इंग्लंडमधल्या हेझलकोम नावाच्या डोंगरावरच्या गावात, एका स्वयंपाकघराच्या टेबलावर, दोरीपलीकडे.

२०१६च्या सप्टेंबरमध्ये ते पाच जण तिथे गेले होते. अरुणा आणि प्रताप, विंडसरचा रविकांत, सस्काटूनची मृणालिनी आणि ग्वेल्फचाच स्वानंद. पाचही जण पुण्यात एका कॉलेजात एका काळात शिकलेले, आणि पाचही जणांना इंग्रजीला मार्था एलवुडची तीच कादंबरी नेमलेली. डोंगरावरच्या गावातली एक पोर, जिने स्वयंपाकघरात बसून एकच पुस्तक लिहिलं आणि मेली. म्हातारपणी एकदा ते गाव बघायचं, असं ठरलं होतं. चढाचा दगडी रस्ता, काळपट घरं, वर मेंढ्या, खाली चहाचं दुकान. मार्थाचं स्वयंपाकघर एवढंसं, म्हणून एका वेळी एकालाच आत सोडत. पाचही जण एकेक करून आत जाऊन आले.

संध्याकाळी घर सांभाळणारी बाई त्यांच्या मुक्कामावर आली. इंग्रज माणूस कुणाला चोर म्हणत नाही. "चुकून कुणाच्या सामानात काही आलं असेल तर," एवढंच ती म्हणाली. दौत गेली होती.

आत जायची रांग कशी होती ते कुणालाच आठवेना. शेवटचा तेवढा सगळ्यांना आठवला, कारण त्याच्या हातात काठी होती आणि तो गुडघे दुखतात म्हणून आतल्या बाकावर बसला होता. प्रताप. "मी गेलो तेव्हा टेबलावर दौत नव्हतीच. मला वाटलं पुसायला नेली," असं तो म्हणाला. कुणी विश्वास ठेवला नाही.

कॅनडात परतल्यावर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. मराठी मंडळाने त्याला ग्रंथालयाच्या कामातून काढलं. बारा गावचं पाणी प्यालेली माणसं, डॉक्टर, इंजिनियर, प्रोफेसर. पण तोंडावर विचारायची हिंमत एकात नव्हती. दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवरून निवेदन करणारा रविकांत म्हणाला, "आपापली पेनं सांभाळा मंडळी, प्रतापराव आले आहेत." अख्खा हॉल हसला. पोरंसुद्धा, ज्यांना कुणीतरी कानात भाषांतर करून सांगितलं.

त्यानंतर प्रताप घराबाहेर पडला नाही. फेब्रुवारीत गेला. डॉक्टर लोक हृदयाच्या नळीचं नाव घेत होते. अरुणा स्वतः डॉक्टर होती, तिला ते नाव पाठ होतं. पण तिला विचाराल तर माणूस त्या हसण्याने मेला होता.

वर्षभर ती एकच वाक्य धरून जगली होती: माझ्या नवऱ्याने काही घेतलेलं नाही. आणि आता ती वस्तू तिच्या मांडीवर होती.

"प्रताप," ती रिकाम्या बेसमेंटला म्हणाली, "तू?"

२

टोरोंटोहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, डोन्ट टच इट. जस्ट मेल इट बॅक. नो नेम, नो अॅड्रेस."

"म्हणजे तुझा बाप चोर होता असं गप्प बसून कबूल करू?"

"आई, ही इज गॉन."

"त्याचं नाव गेलं नाहीये अजून. ते इथे गावभर फिरतंय," म्हणून अरुणाने फोन ठेवला.

आयुष्यभर तिने पॅथॉलॉजीत काचपट्ट्या पाहिल्या होत्या. रडून झाल्यावर तिने तेच केलं जे तिला येत होतं. दौत वर किचनमध्ये नेली, खिडकीशी उजेडात धरली आणि भिंग लावलं.

पितळ कुणीतरी नीट पुसलं होतं. पण नक्षी पुसता येत नाही. वेलीच्या पानांच्या खोल रेषांत पिवळं काहीतरी बसलं होतं, आणि त्यावर लालसर भुकटी. तिने काडीच्या टोकाने पिवळं थोडं खरवडून बशीत घेतलं आणि साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. पिवळं लाल झालं. पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की कसा लाल होतो, हे कुठल्याही मराठी बाईला शिकवावं लागत नाही.

हळद आणि वर कुंकू. या दौतीची कुणीतरी पूजा केली होती.

अरुणा खुर्चीवर टेकली, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसली. कारण प्रताप देवाधर्माचा हाडवैरी होता. लग्न रजिस्टर. नवीन गाडीला कुणी हार घातला तर तो काढेपर्यंत गाडीत बसायचा नाही. दसऱ्याला पुस्तकांवर फुलं वाहिली म्हणून सख्ख्या आईशी भांडलेला माणूस. तो चोरी करेल की नाही यावर जग वाद घालो. चोरलेल्या दौतीला हळदकुंकू वाहणारा प्रताप मात्र देवालासुद्धा घडवता आला नसता.

लेखणी, दौत, पुस्तकं, हत्यारं यांची पूजा दसऱ्याला होते. गेल्या वर्षी दसरा आला तो हेझलकोमहून परतल्यावर लगेच. म्हणजे त्या दिवशी दौत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाटावर होती.

तिने आतली काचेची वाटी उचकटून काढली. पितळ आणि काच यांच्या फटीत एक वाळकं पान अडकलं होतं. पंख्यासारखं, मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्यांचं. तिला वाटलं आपट्याचं. पण शिरा वेगळ्या होत्या, देठापासून सरळ बाहेर पसरलेल्या. हे झाड प्रतापनेच तिला युनिव्हर्सिटीच्या आवारात दाखवलं होतं. गिंको.

कॅनडात आपटा उगवत नाही. त्यामुळे दसऱ्याला सोनं म्हणून वाटायला इथल्या प्रत्येक मराठी घराने आपापला आपटा शोधून ठेवला आहे.

प्रताप गेल्यावर दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. बेसमेंटमध्ये तिघं ये-जा करत होती. रविकांतने खालून खुर्च्या वर आणल्या. मृणालिनी खालच्या खोलीत झोपायची. स्वानंद मंडळाची पुस्तकं न्यायला दोनतीनदा खाली उतरला.

तिघांपैकी एकाने प्रतापच्या मरणाचंही कपाट केलं होतं, आपली घाण ठेवायला.

३

रविकांत विंडसरला नदीकाठी राहायचा. पलीकडे डेट्रॉइट. गाड्यांच्या कारखान्यात साचे बनवून रिटायर झालेला, बायको वारलेली, आणि जीभ अजून तशीच.

"या वहिनी, या! एकट्याच ड्राइव्ह करून? ट्रक बघून घाबरला नाहीत?"

"ट्रकला मी काय घाबरू? ट्रक समोरून येतो. तुम्ही लोक पाठीत घालता."

रविकांतचा चेहरा उतरला. त्याने चहा टाकला. अरुणाने ठरवून आलेली थाप मारली. मंडळाच्या दसरा अंकात तिला एक लेख लिहायचा आहे, इथली मंडळी आपट्याऐवजी काय वाटतात यावर. प्रतापच्या आठवणीखातर.

त्याने तिला गराजमध्ये नेलं. भिंतीवर नट आवळायचे पाने, हातोड्या, मोजमापाची हत्यारं ओळीने टांगलेली, आणि एकूण एकावर जुन्या हळदकुंकवाचे थर.

"खंडेनवमी मी सोडत नाही बघा. या हत्यारांनी पोट भरलं. लोक हसतात, हसू देत."

"लोक हसले की कसं वाटतं?"

तो अंगणातलं झाड दाखवत म्हणाला, "हे रेडबड. पान बदामाच्या आकाराचं, पण आपट्याच्याच कुळातलं. प्रतापनेच सांगितलं होतं, देव न मानता. मी दर वर्षी हीच पानं वाटतो. गेल्या वर्षी तेवढी चुकली."

"का?"

"नागपुरात होतो ना! भावाचं ऑपरेशन. इंग्लंडहून तुम्ही सगळे इकडे आलात, मी लंडनहून थेट तिकडे. दिवाळीच्या तोंडावर परतलो. त्या दसऱ्याला कित्येक वर्षांनी खरा आपटा हातात धरला, पोरं दारात विकायला आली होती."

अरुणाने चहा संपवला. दौत याच्या बॅगेत असती तर दौतीला नागपुरात आपट्याचं पान मिळालं असतं. गिंको शोधत कोण हिंडलं असतं?

तो गाडीपर्यंत आला. "वहिनी, ते दिवाळीचं... मी गंमत केली होती. आल्या आल्या कुणीतरी कानात सांगितलं, आणि माझ्या जिभेला..."

"कुणी सांगितलं?"

"आता काय आठवणार! स्टेजमागे चार लोक होते. स्वानंद होता, अजून कोण कोण."

"आठवा," ती म्हणाली आणि काच वर केली.

४

मृणालिनीवर खरं तर सगळ्यात जास्त संशय घ्यायला हवा होता. सस्काटूनला तिने आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, मार्था एलवुड वर्गात वाचता वाचता तिचा गळा दाटायचा. हेझलकोमच्या त्या स्वयंपाकघरातून ती डोळे पुसतच बाहेर आली होती.

फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा आला. मागे भिंतभर पुस्तकं.

"अगं, कसलं सोनं नि कसलं काय! इथे दसऱ्यापर्यंत थंडीने झाडं उघडी पडतात. एकटीसाठी मी गिफ्टच्या सोनेरी कागदाची दोन पानं कापते. एक स्वतःला देते, एक शेजारच्या युक्रेनियन म्हातारीला. तिला वाटतं बुकमार्क आहे."

"गिंको नाही मिळत?"

"इथल्या थंडीत? प्रतापला मी विचारलं होतं एकदा. तो म्हणाला, लावशील तर पहिल्याच हिवाळ्यात मरेल." मग ती थांबली. "अरुणा, तू लेख लिहीत नाहीयेस."

"नाही."

"मला वाटलंच. बाई, तू बिलावर सही करतानासुद्धा वैतागतेस, लेख कुठला." ती पडद्याच्या जवळ आली. "मी तेव्हा गप्प राहिले. प्रतापने तसं केलं नाही हे मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले. त्याने सांगितलं होतं, पाचही जणांची घरं उघडून बघा, माझ्यापासून सुरुवात करा. आठवतं? मी लगेच हो म्हणाले होते."

"मग झालं का नाही ते?"

"अध्यक्षांनी बैठकच लावली नाही. आज लावतो, उद्या लावतो. जानेवारीत प्रतापने पुन्हा सगळ्यांना मेल केली. तेव्हा म्हणाले, मार्चमध्ये नक्की. पण मार्च यायच्या आधी..."

मंडळाचा अध्यक्ष स्वानंद होता.

५

स्वानंदची ओळख करून द्यायची तर त्याचा फोटोच पुरे. लांब कुर्ता, मानेवर रुळणारे पांढरे केस, आणि नजर फोटोग्राफरच्या डोक्यावरून दूर कुठेतरी. सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता. रिटायर झाल्यावर प्रवासवर्णनं लिहायला लागला. स्वतःच्या पैशाने छापायचा आणि मंडळाच्या खुर्च्यांवर आधीच ठेवून द्यायचा. या दसऱ्याला हेझलकोमवरच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. यंदा मात्र पुण्याच्या खऱ्या प्रकाशकाने छापलं होतं.

त्याच्या टाउनहाउससमोर फूटपाथवर नगरपालिकेने लावलेलं एक झाड होतं. अरुणा खाली वाकली. पंख्यासारखं, मधोमध चिरलेलं पान.

"वहिनी! किती दिवसांनी! काँडोची शिफ्टिंग झाली? काही लागलं तर सांगा हं. प्रताप माझा सख्खा होता."

तिने लेखाची थाप मारली. तो गालात हसला.

"दसरा आणि मी? वहिनी, मी आणि प्रताप एका पंथाचे. विज्ञानवादी. या घरात हळदीकुंकवाची कोयरीसुद्धा नाही. लोकांच्या श्रद्धा म्हणून मंडळात हजेरी लावतो, बस्स."

"पूजा वगैरे कधीच नाही?"

"छे! वस्तू ती वस्तू. तिला फुलं वाहून काय होतं?"

"पुस्तक छान झालंय म्हणे."

तो खुलला. टेबलाशी गेला, लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मुखपृष्ठावर हेझलकोमचा चढ होता. तो बोलत होता, मार्थाच्या मातीतून शब्द कसे उगवले आणि कितीतरी असंच. अरुणा मुखपृष्ठ बघत नव्हती. लॅपटॉपच्या बिजागरीपाशी, जिथे फडकं पोचत नाही, तिथे पिवळट डाग होता आणि मधोमध लाल ठिपका.

"नवीन लॅपटॉप?"

"दीड वर्ष झालं. का?"

"काही नाही. मशीन चांगलं दिसतंय."

घरात हा एकटा. बायको केव्हाच व्हँकुव्हरला निघून गेलेली, कामवाली बाई कॅनडात कुणाला परवडते? मग कोयरी नसलेल्या या घरात लॅपटॉपला कुंकू लावलं कुणी?

गाडीत बसल्यावर तिला एकच गोष्ट उलगडेना. पकडलं जायची भीती होती, तर याने दौत ग्रोसरीच्या पिशवीत घालून कचऱ्यात का नाही फेकली? कुणाला कळलं नसतं. मेलेल्या मित्राच्या बेसमेंटपर्यंत ती वाहून आणायचं कारण काय?

स्पीड नदीवरच्या पुलावर सिग्नल लागला. खाली पाणी वाहत होतं. अरुणा पाण्याकडे बघत राहिली, आणि मागच्या गाडीने हॉर्न मारला तेव्हा तिला उत्तर मिळालं होतं.

६

दसऱ्याच्या दुपारी, कार्यक्रमाच्या आधी, तिने तिघांना घरी बोलावलं. मृणालिनी विमानाने आली होती. घरात खोक्यांशिवाय काही उरलं नव्हतं. अरुणाने चहासुद्धा ठेवला नाही. तिघं बसल्यावर तिने मोज्यातून दौत काढली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली.

"अगं आई गं!" रविकांत उठून उभा राहिला. "ही कुठे सापडली?"

मृणालिनी गुडघ्यांवर बसली. "तीच आहे. अरुणा, कुठे होती ही?"

स्वानंदने मान खाली घातली आणि खोल आवाजात म्हणाला, "वहिनी, झालं ते झालं. गेलेल्या माणसाची अब्रू आपण चौघं सांभाळू. कुणाला कळायचं कारण नाही."

अरुणा हळूच म्हणाली, "स्वानंदराव, या दोघांनी एकच प्रश्न विचारला, कुठे सापडली. तुम्ही नाही विचारलात."

"म्हणजे... साहजिक आहे ना. तुमच्याकडे आहे म्हणजे..."

"मला हेझलकोमहून कुणी पाठवलीही असेल. पोलिसांनी आणून दिली असेल. तुम्हाला मात्र ठाऊक आहे की ती इथेच होती. बरं, ते जाऊ दे. एक काम करा. पाय ठेवा हिच्यावर."

"काय?"

"पाय. वस्तू ती वस्तू, तुम्हीच म्हणालात. पितळ आहे नुसतं. ठेवा पाय आणि म्हणा की मी हिला कधी हात लावला नाही. मी या क्षणी तुमची माफी मागेन."

स्वानंद हसायला गेला. उजवा पाय त्याने पुढे सरकवला. बोटं दौतीपासून वीतभर अंतरावर थांबली. त्याने तो मागे घेतला, आणि नकळत हात खाली नेऊन दौतीला लावला आणि छातीला टेकवला. मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं.

"शाब्बास," अरुणा म्हणाली. "आता ऐका. हिच्या नक्षीत हळदकुंकू आहे आणि आत गिंकोचं पान आहे. म्हणजे गेल्या दसऱ्याला ही कुणाच्या तरी पाटावर होती. माझ्या घरात नाही, प्रताप कसा होता हे तुम्हाला ठाऊक आहे. रविकांत नागपुरात होते, तिथे खरा आपटा मिळतो. मृणालिनीच्या गावात गिंको जगत नाही. तुमच्या दारात मात्र उभा आहे. तुम्ही म्हणता घरात कोयरी नाही. तुमच्या लॅपटॉपच्या बिजागरीत कुंकू आहे. पूजा करणं गुन्हा नाही हो. रविकांत छातीठोक करतात. पण तुम्ही नाही म्हणालात. ज्याला लपवायचं काही नाही, तो पूजा कशाला लपवेल?"

"लॅपटॉपवरून माणूस चोर ठरतो का?"

"नाही ठरत. म्हणूनच मी विचार करत राहिले, चोराने ही फेकून का दिली नाही? जानेवारीत प्रतापने पुन्हा घरं तपासायची मागणी केली तेव्हा तुमची घाबरगुंडी उडाली. घरातून ही जायला हवी होती. पण एकदा पूजलेली वस्तू कचऱ्यात टाकवेना. आपल्या हातून नाही होत ते, तुमच्या नाही, कुणाच्याच नाही. ती पाण्यातच सोडायची. आणि फेब्रुवारीत स्पीड नदी गोठून दगड झाली होती. तेवढ्यात प्रताप मेला. तुम्हाला नदीपेक्षा सोयीची जागा मिळाली."

रविकांत स्वानंदकडे बघत होता. "साल्या," तो म्हणाला, "पेनाचा जोक तूच माझ्या कानात सांगितलास. आता आठवलं मला. वर म्हणालास, तू बोललास तर लोक हसतील."

स्वानंदने चेहरा हातांत धरला. "मला वाटलं... तिच्या हाताची दौत घरात असली तर माझ्या हातून एकदा तरी... एकदा तरी खरं लिहून होईल. बारा पुस्तकं लिहिली मी. बारा. कुणी वाचलं नाही."

"टाइप करणाऱ्याला दौत कशाला लागते रे?" मृणालिनी म्हणाली. तिच्या आवाजात दया होती, आणि अरुणाला तिचा राग आला.

"वहिनी, मी कुरिअरने परत पाठवतो. आजच. मंडळाचा राजीनामा देतो. पण आज नको, आज प्रकाशन आहे, पुण्याहून प्रकाशक आलेत. हात जोडतो."

अरुणाने त्याचे जोडलेले हात पाहिले. वर्षभर तिने या क्षणाची स्वप्नं पाहिली होती. त्यात ती ओरडायची, थोबाडीत मारायची. प्रत्यक्षात तिला इतकं शांत वाटत होतं की स्वतःचीच भीती वाटली.

"प्रतापला तुम्ही गुपचूप चोर म्हणाला नाहीत," ती म्हणाली. "हॉलमध्ये म्हणालात, सगळ्यांसमोर. तिथेच फेडायचं. नाहीतर मी पोलिसांना फोन करते आणि ते तुम्हाला प्रकाशकासमोरून उचलतील. आणि दौत कुरिअरने जाणार नाही. तुम्ही स्वतः हेझलकोमचा चढ चढायचा, त्या बाईच्या दारात उभं राहायचं आणि प्रतापचं नाव घेऊन सांगायचं की तो नव्हता."

मग ती रविकांतकडे वळली. तो काही बोलणार होता.

"तुमची माफी मला नको. आज निवेदन तुमचंच आहे ना? स्टेजवर यांना तुम्ही बोलवायचं. विनोद न करता."

७

हॉल भरला होता. जरीच्या साड्या, झब्बे, टेबलावर लाल कागदात गुंडाळलेली पुस्तकं. मागच्या रांगांत इथेच जन्मलेली पोरं फोनमध्ये डोकं घालून. अरुणा पहिल्या रांगेत मधोमध बसली, आणि शेजारची खुर्ची तिने रिकामी ठेवली. कुणी बसायला आलं की ती नुसती बघायची, आणि माणूस पुढे सरकायचा.

रविकांत स्टेजवर आला. "स्वानंदरावांना काही सांगायचं आहे," एवढंच म्हणून तो बाजूला झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

स्वानंद माइकपासून दोन पावलं मागेच उभा राहिला. ओठ हलले. पुढच्या दोन रांगा एकदम गप्प झाल्या, कुणाच्या तरी हातातली वाटी खाली पडली. मागच्या लोकांना काहीच कळलं नाही, ते टाळ्या वाजवतच राहिले.

अरुणा उभी राहिली. "मागे ऐकू आलं नाही. माइकमध्ये बोला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. तिने ती पुरती बघून घेतली आणि मान हलवली नाही.

तो पुढे झाला. "हेझलकोमची दौत मी चोरली," त्याचा आवाज सगळ्या स्पीकरमधून आला. "प्रतापने नाही. तो मेल्यावर मी ती त्याच्या घरात नेऊन ठेवली."

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. गेल्या दिवाळीला हसलेले चेहरे अरुणाने एकेक करून शोधले. प्रत्येक चेहरा तिच्या नजरेखाली खाली वाकला. खजिनदार, ग्रंथालयाचे नवे प्रमुख, प्रतापला रस्त्यात ओळख न दाखवणारी ती बाई. पहिल्या रांगेतला कुणीतरी उठून तिच्याकडे येऊ लागला, हात पुढे करून. तिने तळहात दाखवून त्याला जागच्या जागी थांबवलं.

मागच्या रांगांत पोरं एकमेकांना विचारत होती, "व्हॉट डिड ही से? व्हाय इज एव्हरीवन सो क्वाएट?" एका आईने पोराला गप्प केलं.

स्वानंद पायऱ्या उतरायला लागला.

"थांबा," अरुणा म्हणाली. "मागची पोरंसुद्धा हसली होती, आणि त्यांना मराठी कळत नाही. आता इंग्रजीत सांगा."